नॅकची श्रेणी आणि प्राध्यापकाचं स्वातंत्र्य

शाईचा डाग | सोमवार, रात्री १०:४०

मराठवाड्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. आमच्याकडे नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, तिसऱ्या फेरीची तयारी चालू आहे. म्हणजे सध्या शिकवणं कमी आणि फाइली लावणं जास्त. त्याचं रडगाणं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मला वेगळं विचारायचंय.

टीवायच्या मुलांसाठी ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर एका कार्यकर्त्याचं व्याख्यान ठरवलं होतं. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात, तेव्हा विषय काही आभाळातून आणलेला नव्हता. प्राचार्यांनी आधी हो म्हटलं. मग चार दिवसांनी केबिनमध्ये बोलावलं. "विषय चांगलाय हो सर, पण नॅकची पीअर टीम, पाहणी समिती, तोंडावर आलीय. उद्या काही वाद झाला, पेपरात आलं, तर निस्तरणार कोण? समिती जाऊ द्या, मग घ्या." त्या दुपारी त्याच सभागृहात मुलाखत कौशल्यावरच्या सर्टिफिकेट कोर्सचं उद्घाटन झालं. ३० तासांचा असला की असा कोर्स नॅकमध्ये मोजला जातो. मागच्या भिंतीवर बॅनर होता आणि फोटोवर अक्षांश-रेखांश छापून आले.

आता गंमत अशी की नॅकच्या कुठल्याही कागदावर 'ऊसतोडीवर बोलू नका' असं लिहिलेलं नाही. मी मॅन्युअल पुन्हा एकदा वाचून काढलं. निकष सात: अभ्यासक्रम, अध्यापन-मूल्यमापन, संशोधन व विस्तार, पायाभूत सुविधा, विद्यार्थी सहाय्य, प्रशासन, आणि शेवटी संस्थात्मक मूल्ये. उपनिकष १.२ मध्ये 'अॅकॅडेमिक फ्लेक्झिबिलिटी' सापडते, पण ती मुलांना विषय निवडायला किती पर्याय आहेत यापुरती. ६.३ शिक्षकांच्या सक्षमीकरणाचा आहे, त्यात कल्याणकारी योजना आणि परिषदांना जायला दिलेले पैसे मोजतात. काही वर्षांपूर्वीच्या मॅन्युअलात ७.१.१० मध्ये विद्यार्थी, शिक्षक, प्रशासक यांच्यासाठी आचारसंहिता आहे का, हे विचारलं होतं. म्हणजे माझ्यावर आचारसंहिता असली तर कॉलेजला गुण. मला वर्गात मोकळेपणाने शिकवता येतं का, हे विचारणारा निर्देशांक सातही निकषांत नाही.

माझं म्हणणं एवढंच. मूल्यांकन आपल्याला गप्प बसवत नाही. ते काही गोष्टी मोजतं, काही मोजत नाही, आणि जे मोजलं जात नाही ते कॉलेजसाठी हळूहळू फुकटची जोखीम होऊन बसतं. तुमचे अनुभव काय? 'नॅक म्हणजे नाटक' एवढंच लिहायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

माउली | रात्री ११:०५

नॅक म्हणजे नाटक. 😀 (दुसरा धागा काढायचा कंटाळा.)

निवृत्त प्राचार्य | मंगळवार, सकाळी ६:५०

धागाकर्त्या सरांनी मॅन्युअल वाचून लिहिले, याचा आनंद वाटला. बहुतेक जण न वाचताच बोलतात.

मी दोन फेऱ्यांना प्राचार्य म्हणून सामोरा गेलो आहे. नॅकची स्थापना १९९४ ची, मुख्यालय बंगळुरू. सुरुवातीला मूल्यांकन ऐच्छिक होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) सक्तीच्या नियमांची अधिसूचना २०१३ च्या जानेवारीत आली आणि तिथून वातावरण बदलले. त्याआधी आमच्या संस्थेत ग्रंथालयाला नियतकालिके घ्यायची म्हटले की संचालक मंडळ हिशोब विचारत असे. पहिल्या फेरीनंतर मी त्याच मंडळासमोर समितीचा अहवाल ठेवला. नियतकालिके आली, दोन रिक्त जागा भरण्याचा पाठपुरावा झाला, चर्चासत्राला जाणाऱ्या प्राध्यापकाला प्रवासखर्च मिळू लागला. ज्याच्या विषयात ग्रंथालयात दहा वर्षांत नवे पुस्तक आले नाही, तो प्राध्यापक कोणते स्वातंत्र्य उपभोगणार?

तुमच्या प्राचार्यांनी व्याख्यान थांबवले ते नॅकमुळे नव्हे. त्यांना संस्थाचालकांची भीती होती आणि नॅक हे सोयीचे कारण होते. साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था एकाच घरात असण्याची आपली जुनी परंपरा तुम्हाला ठाऊक आहेच.

शाईचा डाग | सकाळी ९:१५

सर, अर्धं मान्य. भीती जुनीच आहे. पण पूर्वी ती प्राचार्यांना स्वतःच्या नावावर बोलावी लागायची. मग मला भांडता यायचं, स्टाफरूममध्ये चार जण बाजूने उभे राहायचे. आता नॅकचं नाव घेतलं की तेच चार जण म्हणतात, "अरे, ग्रेड गेली तर सगळ्यांचंच नुकसान." पूर्वी भांडण माझं आणि प्राचार्यांचं असायचं, आता ते माझं आणि अख्ख्या कॉलेजचं होतं.

गुणसूत्र | सकाळी ११:३०

मी इंजिनीअरिंगवाली, आमच्याकडे नॅकच्या जोडीला एनबीए, म्हणजे तांत्रिक अभ्यासक्रमांचं मूल्यांकन करणारं राष्ट्रीय मंडळ. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्ड या इंजिनीअरिंग पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा कायम सदस्य झाला आणि तेव्हापासून 'आउटकम बेस्ड एज्युकेशन' हा आमचा कुळाचार. बाहेरच्या लोकांना कळावं म्हणून सांगते हे कसं चालतं.

प्रत्येक विषयाचे पाच-सहा 'कोर्स आउटकम' (सीओ), म्हणजे विषय शिकून मुलाला काय यावं ते, लिहायचे. संपूर्ण पदवीचे 'प्रोग्रॅम आउटकम' ठरलेले, आमच्या वेळचे बारा. मग तक्ता करायचा: माझ्या विषयाचा अमुक सीओ त्या बारांपैकी कशाशी किती जोडलेला आहे? ३ म्हणजे घट्ट, २ म्हणजे मध्यम, १ म्हणजे नावापुरता, नसेल तर आडवी रेघ. प्रश्नपत्रिकेत प्रत्येक प्रश्नापुढे सीओचा क्रमांक आणि ब्लूमची पातळी (नुसतं आठवणं, समजणं, विश्लेषण वगैरे). पेपर तपासल्यावर प्रश्नवार गुण एक्सेलमध्ये भरायचे, 'अटेनमेंट', म्हणजे मुलांनी ते कितपत गाठलं, काढायचं, लक्ष्यापेक्षा कमी आलं तर 'कृती आराखडा' लिहायचा.

मूळ कल्पना वाईट नाही. मुलाला शेवटी काय येणार, याचा विचार शिक्षकाने आधी करावा, यात काय चूक? पण होतं काय ते बघा. फ्लुइड मेकॅनिक्सच्या सत्र परीक्षेत मी एक मोकळा प्रश्न टाकायचे: घराजवळचा एखादा नाला बघून या आणि पावसाळ्यात तो कुठे तुंबेल ते कारणासकट लिहा. उत्तरं अफलातून यायची. पण तो प्रश्न एका सीओत बसत नाही, तिघांत सांडतो. गुणही कमी पडतात, कारण गाइडात उत्तर नसतं. अटेनमेंट खाली येतं. समन्वयकाने प्रेमाने सांगितलं, "मॅडम, फोडून तीन प्रश्न करा ना." फोडले, आणि नाला गेला. आता तीन छान प्रश्न आहेत, तिन्ही गाइडात आहेत, अटेनमेंट उत्तम.

माझ्या तोंडावर कोणी हात ठेवला नाही. तरी मी पूर्वी जे शिकवत होते ते आता शिकवत नाही.

माउली | सकाळी ११:४२

गुणसूत्र ताई, नाला परत आणा. गंभीरपणे सांगतोय.

राइनकाठची | दुपारी ३:२० (इथली सकाळ)

मस्त धागा. मी जर्मनीत एका हॉखशूलेमध्ये (उच्चशिक्षण संस्थेत) शिकवते. तुमचा प्रश्न इथे थेट सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयात गेला होता, म्हणून लिहिते.

युरोपातल्या पदव्या एका साच्यात आणणाऱ्या बोलोन्या प्रक्रियेनंतर इथे बॅचलर-मास्टर आले आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचं मूल्यांकन एजन्सींकडून करून घेणं आलं. नॉर्थ राइन-वेस्टफालियातल्या एका खाजगी संस्थेच्या अभ्यासक्रमांना एजन्सीने नकार दिला. प्रकरण आर्न्सबर्गच्या प्रशासकीय न्यायालयातून कार्ल्सरूहच्या संविधान न्यायालयापर्यंत पोचलं. १७ फेब्रुवारी २०१६ चा निर्णय आहे. जर्मन संविधानाच्या कलम ५(३) मध्ये संशोधन आणि अध्यापन मुक्त आहे असं स्वच्छ लिहिलंय. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: सक्तीचं मूल्यांकन हा या स्वातंत्र्यातला हस्तक्षेपच आहे, कारण त्याने अभ्यासक्रमाची रचना, आशय, परीक्षा या सगळ्यांवर परिणाम होतो. गुणवत्तेची तपासणी करायला घटनेची मनाई नाही. पण इतका मोठा हस्तक्षेप करायचा तर निकष काय, निर्णय कोणाचा, त्यात प्राध्यापकांचं स्थान काय, हे विधिमंडळाने स्वतः कायद्यात ठरवलं पाहिजे. एजन्सींवर सोडून मोकळं होता येणार नाही.

राज्यांना २०१७ अखेरपर्यंत मुदत मिळाली. १ जानेवारी २०१८ पासून नवा आंतरराज्य करार लागू झाला. आता एजन्सी अहवाल देतात, अंतिम निर्णय आक्रेडिटिअरुंग्सराट, म्हणजे मूल्यांकन परिषद, घेते, आणि शैक्षणिक आशयाच्या प्रश्नांवर प्राध्यापकांचं बहुमत असावं लागतं.

कागद कमी झाले का? छे. माझ्या टेबलावरचा मॉड्यूल हँडबुकचा गठ्ठा तेवढाच आहे. पण एजन्सीच्या माणसाला "हे तुमच्या अखत्यारीत येत नाही" असं म्हणता येतं आणि म्हटलेलं खपतं.

सीएचबी_९ते५ | सायंकाळी ५:१०

वरचं सगळं वाचलं. कायम नोकरीवाल्यांची चर्चा चांगली चाललीय.

मी तासिका तत्त्वावर (सीएचबी), मराठी विषय, दोन कॉलेजांत. माझ्या कॉलेजात क्रायटेरिया ३ आणि ५ च्या फाइली कोण करतं? आम्ही चौघं सीएचबीवाले. फाइलींचे तास मोजत नाहीत, पैसे फक्त तासिकेचे. नाही म्हटलं तर जूनमध्ये परत बोलावतील याची खात्री नाही. मेंटॉर-मेंटीच्या नोंदी, माजी विद्यार्थी मेळाव्याचा अहवाल, गेल्या पाच वर्षांतल्या मुलांच्या नोकऱ्यांची पत्रं, सगळं जमवा. मुलांना फोन करायचा, "अरे, ऑफर लेटरचा फोटो पाठव." एक जण म्हणाला, "सर, मी रिक्षा चालवतो, परमिटचा फोटो चालेल का?"

स्वातंत्र्य-बितंत्र्य नंतर बोलू. वर्गात वाद होईल अशी कविता मी शिकवत नाही, कारण मला पुढच्या वर्षीही ऑर्डर हवीय. नॅक नसतं तरी हेच झालं असतं. नॅक असल्यामुळे वर फाइलीही आल्या.

शाईचा डाग | सायंकाळी ५:४०

सीएचबी भाऊ, हा प्रतिसाद मूळ धाग्यातच असायला हवा होता. युनेस्कोची उच्चशिक्षणातल्या अध्यापकांविषयीची १९९७ ची शिफारस आहे, तिच्यात अध्यापन-संशोधनाचं स्वातंत्र्य आणि नोकरीची सुरक्षितता एकाच दस्तऐवजात मांडलेली आहे, ती उगाच नाही. नॅकच्या २.४ मध्ये पूर्णवेळ शिक्षकांचं मंजूर पदांशी प्रमाण मोजतात. तरी पदं भरत नाहीत. सरकारी भरतीबंदीचे गुण कॉलेजचे कापले जातात आणि ती तूट तुमच्या पाठीवर भरून निघते.

टॅम्पाकर | बुधवार, पहाटे ४:३०

फ्लोरिडातून. आमच्याकडची गोष्ट उलटी आहे, म्हणून सांगायलाच हवी.

अमेरिकेत मूल्यांकन सरकार करत नाही. विद्यापीठांनी मिळून स्थापन केलेल्या संस्था करतात. पण त्यांची मान्यता नसेल तर विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन. दक्षिणेकडच्या राज्यांत मुख्यतः सॅक्सकॉक ही संस्था. तिच्या नियमांत ६.४ असा एक नियम आहे: संस्थेने शैक्षणिक स्वातंत्र्य जपण्याची धोरणं जाहीर केली पाहिजेत आणि अमलात आणली पाहिजेत. शिकागोकडच्या एचएलसी या तशाच संस्थेच्या निकषांतही अशी तरतूद आहे. म्हणजे तुम्ही सातांत शोधत होता तो निर्देशांक इथे आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाने राज्यशास्त्राच्या तीन प्राध्यापकांना राज्याच्या मतदान कायद्याविरुद्धच्या खटल्यात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायला मनाई केली. कारण काय, तर राज्याविरुद्धची साक्ष विद्यापीठाच्या हिताविरुद्ध. बोंबाबोंब झाली, सॅक्सकॉकने चौकशी करणार असं जाहीर केलं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला विद्यापीठाने माघार घेतली. सगळं श्रेय सॅक्सकॉकला देत नाही. वर्तमानपत्रं होती, प्राध्यापक न्यायालयातही गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. पण मान्यता धोक्यात येईल, हे वाक्य विद्यापीठाच्या वकिलांना ताबडतोब कळतं.

पुढचं ऐका. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी विद्यापीठांनी दर फेरीला मूल्यांकन संस्था बदलायची. जून २०२५ मध्ये फ्लोरिडा आणि आणखी पाच राज्यांच्या विद्यापीठ यंत्रणांनी मिळून स्वतःचीच नवी मूल्यांकन संस्था काढत असल्याचं जाहीर केलं. रेफरी शिट्टी वाजवतो म्हणून रेफरीच आपला आणायचा.

गुणसूत्र | सकाळी ८:१०

टॅम्पाकर, हे वाचून प्रश्न पडला. उद्या आपल्याकडे नॅकमध्ये आठवा निकष आला, 'अध्यापन स्वातंत्र्य', तर काय होईल? माझ्या डोळ्यांसमोर सरळ फाइल येते. 'स्वातंत्र्य समिती'ची बैठक, इतिवृत्त, उपस्थितांच्या सह्या, जिओटॅग फोटो. वर्षातून दोनदा 'मुक्त विचार सप्ताह'.

निवृत्त प्राचार्य | सकाळी ९:३०

गुणसूत्र यांचा विनोद बोचरा आहे, पण त्याचे मूळ २०१७ मध्ये आहे. त्या वर्षी आराखडा बदलला. पूर्वी समिती येऊन वर्ग पाहात असे, प्राध्यापकांशी बंद दाराआड बोलत असे, आणि त्यावर बरेच अवलंबून असे. नव्या पद्धतीत सुमारे ७० टक्के भार आकडेवारीवर गेला. ती ऑनलाइन भरायची, डीव्हीव्ही म्हणजे त्रयस्थ पडताळणी तिची कागदपत्रे तपासणार. समितीकडे उरले ३० टक्के. हेतू भ्रष्टाचार कमी करण्याचा होता. आकड्याला माणूस फितवता येत नाही, असे वाटले असावे.

तरी काय झाले ते आपण पाहिले. आपल्या पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन कार्यकारी समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी गैरप्रकारांबद्दल जाहीर चिंता व्यक्त करून मार्च २०२३ मध्ये पद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने पाहणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. मला वाईट याचे वाटते की प्राध्यापकाला पाहुण्या प्राध्यापकासमोर दोन शब्द खरे बोलण्याची जी एक जागा होती, ती आकड्यांनी आधी आक्रसली आणि अशा प्रकरणांनी तिची उरलीसुरली पतही गेली.

वडाचं पान | सकाळी १०:०५

मुंबईतल्या एका स्वायत्त महाविद्यालयात इतिहास शिकवते. इथे कोणी स्वायत्ततेचा मुद्दा काढला नाही, म्हणून.

चांगली श्रेणी म्हणजे अधिक मोकळीक, अशी सरकारची मांडणी आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे नॅकमध्ये ४ पैकी ३.५१ किंवा अधिक मिळवणारं विद्यापीठ पहिल्या गटात, ते परवानगीशिवाय नवे अभ्यासक्रम काढू शकतं. ३.२६ ते ३.५० दुसऱ्या गटात. पण ही मोकळीक संस्थेला मिळते. ती झिरपत वर्गापर्यंत येईल असं सगळे गृहीत धरतात.

माझ्यापुरतं बोलायचं तर थोडी झिरपली. संलग्न असताना विद्यापीठाचं अभ्यासमंडळ ठरवायचं आणि मी शिकवायचे. आता आमचं अभ्यासमंडळ विभागाचं आहे, विभागातले सगळे त्यावर असतात. गिरणी कामगारांच्या इतिहासावर मी अर्धं सत्र बसवलं, पेपर मीच काढते. हे आधी स्वप्नातही नव्हतं.

पण एक तोटा झाला तो तेव्हा कळला नव्हता. संलग्न असताना एखाद्या पालकाने किंवा ट्रस्टींनी "हे का शिकवता?" विचारलं की उत्तर तयार असायचं: विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहे, जा फोर्टात आणि विचारा. ती ढाल गेली. आता "का शिकवता?" याचं उत्तर मला स्वतःला द्यावं लागतं. आणि विचारणारा माझ्याच व्यवस्थापनातला असतो.

शाईचा डाग | सकाळी १०:३०

+१. ढालीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आमच्याकडेही स्वायत्ततेचा प्रस्ताव आहे. आमचे संस्थाचालक ज्या उत्साहाने त्यामागे लागलेत, तो उत्साह गिरणी कामगारांच्या इतिहासासाठी नक्की नाही.

माउली | दुपारी १:१५

अवांतर: पेपरांचं काय? त्यावर कोणीच लिहिलं नाही. २०१० पासून एपीआयच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठीच्या, गुणांसाठी जे काही छापलं गेलं ते वाचायला वेगळी पृथ्वी लागेल. मग २०१९ मध्ये यूजीसीची मान्य संशोधनपत्रिकांची केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही गुंडाळली. यादीत मराठी संशोधनपत्रिका मूठभर. आमच्या हिने लोकगीतांवर मराठीत लिहिलेला खरा चांगला लेख कपाटात पडलाय आणि बढतीसाठी घाईत केलेला इंग्रजी लेख 'क्रायटेरिया ३' मध्ये मिरवतोय. कुठल्या विषयावर आणि कुठल्या भाषेत विचार करायचा हेच जर ठरवून मिळत असेल तर आणखी काय राहिलं?

राइनकाठची | दुपारी २:५०

माउली, तुमचा एकमेव गंभीर प्रतिसाद आणि सगळ्यांत भारी. 😀

शाईचा डाग, एक विचारायचं होतं. तुमचं व्याख्यान रद्द झालं त्याविरुद्ध दाद मागायची सोय आहे का तिकडे? इथे मी फॅकल्टी कौन्सिलकडे जाईन, तिथे नाही झालं तर प्रशासकीय न्यायालय.

निवृत्त प्राचार्य | सायंकाळी ६:२०

मी सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तक्रार निवारण समिती आहे, आणि खाजगी महाविद्यालयांतील कर्मचाऱ्यांसाठी न्यायाधिकरण आहे. न्यायाधिकरणाकडे जाता येते ते बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा बाबींसाठी. 'माझे व्याख्यान होऊ दिले नाही' हा सेवाशर्तीचा भंग ठरत नाही. तक्रार निवारण समितीकडे अर्ज करता येईल, पण अर्जात काय लिहिणार? मनाईचा लेखी आदेश नाही. 'समिती जाऊ द्या, मग घ्या' असे तोंडी सांगितले आहे.

म्हणून सरांना माझा सल्ला साधा आहे. व्याख्यानाची परवानगी लेखी मागा. आवक क्रमांक घ्या. अर्जात विषय अभ्यासक्रमाच्या कोणत्या घटकाशी जोडलेला आहे ते लिहा. आणि शेवटी लिहा की हा उपक्रम ३.४, विस्तारकार्य, याखाली नोंदवता येईल. नकार दिला तर त्यांना तो कागदावर द्यावा लागेल, आणि तोच कागद समिती आल्यावर फाइलीत असेल.

शाईचा डाग | रात्री ९:५५

सर, हे भारी आहे. उद्या अर्ज टाइप करतो. घटक सापडलाय: 'महाराष्ट्राचे राजकारण', प्रकरण चौथं, सहकार.

सीएचबी_९ते५ | रात्री १०:०२

अर्जावर आवक क्रमांक टाकायला आमच्याकडे पाठवू नका म्हणजे झालं.